चार दशांश

बियाणं तपासायच्या खोलीतला तराजू
चार दशांशांपर्यंत मोजतो.
काचेची दारं लावून घ्यावी लागतात त्याची,
नाहीतर माझ्या श्वासानंही आकडे हलतात.
पहिल्या दिवशी वाटलं, बिघडलाय.
कुलथे सर म्हणाले, बिघडला नाही,
फार बारीक आहे, एवढंच.
त्यावर मी बाथरूममध्ये जाऊन का रडले
हे त्यांना अजून ठाऊक नाही.

आई भोकरदनहून फोनवर म्हणते,
तुझं आपलं क्षणात तोळा, क्षणात मासा.
सोनारणीसारखी बोलते आई,
जिच्या गळ्यात दोन वाट्या सोडून सोनं नाही.

आज सकाळी तस्लीमनं माझ्या डब्यात
जवसाची चटणी घातली, न मागता.
स्टील मिलच्या धुरातून मी गात गेले स्कूटीवर.
वाटेत थांबून तिच्यासाठी
लाखेच्या बारा बांगड्या घेतल्या, पाचशेच्या,
महिनाअखेर असून.
ठरवून टाकलं की जन्मभर हिच्यासोबतच राहायचं,
याच खोलीत, याच गळक्या नळाशी.

साडेअकराला एक मेसेज. बाराला दुसरा.
दीडपर्यंत चौदा.
चौदांवरही एकच टिक.

मुगाच्या शंभर बिया ओल्या कागदावर मोजत होते.
सामान्य रोप, असामान्य रोप,
मेलेलं बी, कठीण बी.
चार रकाने.
माणसांसाठी माझ्याकडे दोनच आहेत.
दोन वाजेपर्यंत तस्लीम
पहिल्यातून दुसऱ्यात गेली होती.

तीनला तिचा नंबर काढून टाकला,
जो मला पाठ आहे.
चारला रागही उरला नाही.
दहा दिवसांनी पाणी सोडतात
तेव्हा नळ आधी नुसती हवा फुंकतो ना,
तशी मी, आणि मागून पाणी नाही.

घाटीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, बॉर्डरलाइन.
मी विचारलं, कुणाकुणाच्या मधली?
त्यांनी समजावलं, नीट, वेळ काढून.
पण माझ्या डोळ्यांपुढं मामाचा बांध,
दर नांगरटीला दोन्हीकडून बोटभर कोरलेला,
शेवटी उभं राहायला
एक पाऊलही मावेना त्याच्यावर.

लाट आली की घड्याळ बघायचं, त्या म्हणाल्या,
आणि गार पाण्यात हात धरायचा, वीस मिनिटं.
मे महिन्यात जालन्यात गार पाणी
कुठून आणू, बाई?
माठातलं चालेल, म्हणाल्या.
उन्हाळ्यातल्या माझ्या पूर्ण बाह्यांकडे बघून
काहीच म्हणाल्या नाहीत.
म्हणून त्या अजून पहिल्याच रकान्यात.

सहाला घरी आले.
तस्लीमच्या घरातल्या चपला दाराबाहेर फेकल्या.
सव्वासहाला आत आणल्या, पुसल्या.
मग पुन्हा बाहेर.
मग नक्की किती वेळा, ते मोजलं नाही,
मी, जी दिवसभर मोजतेच.

पावणेआठला ती आली.
लागोपाठ तीन सिझेरियन, फोन लॉकरमध्ये,
पायांना सूज.
"एक चप्पल भाईर, एक आत?
काय करायलीस गं तू?"
मला सांगता येईना
की दोन्ही चपला खऱ्या होत्या.

बांगड्या दिल्या. एक पिचली होती,
तीनच्या सुमाराची.
उरलेल्या अकरा तिनं हातात चढवल्या,
पाच इकडं, सहा तिकडं,
आणि भाकरी थापायला बसली.
मी तव्याशी. भाकरी फुगत होत्या.
सगळं इतकं चांगलं होतं
की मी श्वास जपून घेत होते.

रात्री अकराला
ती झोपेत कूस बदलून भिंतीकडे वळली.
एवढंच. भिंतीकडे.

आकडे हलायला लागले.

उठले. माठाचं झाकण काढलं.
मनगटापर्यंत हात बुडवला
(प्यायच्या पाण्यात! उद्या ओरडेल).
घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं.
पाच.